बाबांच्या रिपोर्टमधलं ‘टेट-२, १२ टक्के’: हृदयाला धोका किती?

प्रश्न : माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत, भांडुपला राहतात. तीन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो झाली. आता ठणठणीत आहेत. गेल्या महिन्यात फॉलोअपमध्ये रक्ताची लिक्विड बायोप्सी केली. कॅन्सरचा मागमूस नाही, पण ‘टेट-२ जनुकात बदल, १२ टक्के, क्लोनल हिमॅटोपोएसिसची शक्यता’ असं लिहून आलंय. सीबीसी नॉर्मल आहे. नेटवर वाचलं की यानं हार्ट अटॅकचा धोका दुप्पट होतो. हा ब्लड कॅन्सर आहे का? अँजिओग्राफी करून घ्यावी का? मला आणि भावाला हे येऊ शकतं का? ओळखीतल्या एकांनी गाउटची गोळी सुरू करायला सांगितलंय, ती द्यावी का? बीपीची गोळी चालू आहे. कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून वर्षापूर्वी बंद केली.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी मात्र तुमचा प्रश्न वाचताना तिथेच थांबलो. त्याकडे येतोच, पण आधी तुमची झोप उडवणारी गोष्ट बाजूला करू.

हा ब्लड कॅन्सर नाही. रक्तपेशींचे आकडे नॉर्मल आहेत, फक्त काही पेशींच्या डीएनएत एक बदल सापडलाय. या स्थितीला २०१५ मध्ये एक लांबलचक नाव मिळालं आणि त्याचं लघुरूप झालं ‘चिप’. ओपीडीत मी हा शब्द उच्चारला की समोरच्याला एक तर वेफर्स आठवतात, नाहीतर मोबाईल. म्हणून मी ‘रक्ताच्या मूळपेशीतला वयाचा बदल’ असंच सांगतो. सत्तरीच्या पुढे दहातल्या एका माणसात तो असतो. म्हणजे भांडुप स्टेशनबाहेर सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांच्या घोळक्यात दोघातिघांकडे तरी असणार. त्यांची तपासणी झालेली नाही, म्हणून ते निवांत आहेत, इतकंच. ब्लड कॅन्सरकडे वाटचाल होण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात अर्धा ते एक, आणि एकच बदल असेल, सीबीसी स्वच्छ असेल तर त्याहूनही कमी.

आता हा बदल येतो कुठून. मी परळला बसतो, त्यामुळे मला गिरणगावातली चाळच आठवते. आपल्या हाडांच्या मगजात साधारण ५० हजार ते २ लाख मूळपेशी रक्त बनवण्याचं काम करतात. एकेक मूळपेशी म्हणजे एकेक बिऱ्हाड धरा. तरुणपणी प्रत्येक बिऱ्हाडातून थोडी थोडी पोरं कामाला बाहेर पडतात, कुणाचा वरचष्मा नसतो. पण दर वर्षी प्रत्येक मूळपेशीच्या डीएनएत सरासरी १७ बारीक चुका साचत जातात. बहुतेक चुका निरुपद्रवी, कुठल्या तरी अडगळीत पडून राहणाऱ्या. क्वचित एखादी चूक मोक्याच्या जनुकात होते आणि त्या बिऱ्हाडाची पोरं इतरांपेक्षा जरा जास्त टिकतात, जरा जास्त वाढतात. शेजारची खोली रिकामी झाली की यांच्यातलाच कुणीतरी तिथे राहायला जातो. टेट-२ बदललेलं कुटुंब वर्षाला साधारण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतं. चक्रवाढीनं चाळीस वर्षं धरा, अर्धा मजला त्यांचा झालेला असतो.

तुमच्या बाबांच्या रिपोर्टमधले १२ टक्के कसे वाचायचे, तेही सांगतो, कारण इथे बरेच डॉक्टरही गडबडतात. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि सहसा त्यातली एकच बदललेली असते. म्हणून डीएनएत १२ टक्के याचा अर्थ पेशींत जवळपास २४ टक्के. बाबांच्या शरीरात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे पाव हिस्सा एकाच पूर्वजाची प्रजा आहे. ती प्रजा केमोनं निर्माण केलेली नाही. केमोनंतर, विशेषतः प्लॅटिनमच्या औषधांनंतर, फोफावणारे बदल वेगळे. ते टीपी५३ आणि पीपीएम१डी या जनुकांतले. टेट-२ चा हा पसारा बहुधा बाबा नोकरीवर जात होते तेव्हापासून चालू आहे.

हृदयाचा यात संबंध काय, हा तुमचा खरा प्रश्न. २०१४ मध्ये बोस्टनच्या सिद्धार्थ जयस्वाल आणि बेंजामिन एबर्ट यांच्या गटानं हजारो लोकांच्या रक्ताच्या डीएनएत हे बदल शोधले. ते निघाले होते ब्लड कॅन्सरची पूर्वसूचना शोधायला. ती सापडलीच. पण हा बदल असलेल्यांमध्ये एकूण मृत्यूही जास्त दिसले, आणि तो फरक ब्लड कॅन्सरनं भरून निघत नव्हता. हिशेब जुळला हार्ट अटॅक आणि स्ट्रोकवर. रक्तविकाराचे आम्ही डॉक्टर तोवर हृदयाकडे शेजारच्या खात्याचं काम म्हणून बघत होतो. २०१७ च्या पुढच्या अभ्यासात कोरोनरी हृदयविकाराचा, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या आजाराचा, धोका सुमारे १.९ पट निघाला. नेटवर तुम्ही वाचलेलं ‘दुप्पट’ ते हेच. त्याच अभ्यासात कमी वयात अटॅक आलेल्यांमध्ये हे बदल निरोगी लोकांच्या तुलनेत चौपट सापडले. ते रुग्ण इटली आणि पाकिस्तानातले होते. दुसऱ्या गटाकडे आपण जरा जास्त लक्ष द्यायला हवं, कारण दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक बाकी जगापेक्षा पाचसहा वर्षं आधीच येतो.

हे घडतं कसं, हेही कळलंय. त्याच २०१७ साली केनेथ वॉल्श यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर एक फार सुबक प्रयोग झाला. कोलेस्टेरॉल लवकर वाढणाऱ्या जातीचे उंदीर घेतले, त्यांच्या मगजातल्या पेशींपैकी फक्त दहा टक्के पेशी टेट-२ नसलेल्या ठेवल्या आणि तुपकट खाणं सुरू केलं. रक्तातलं कोलेस्टेरॉल दोन्ही गटांत सारखंच राहिलं. पण टेट-२ नसलेल्या पेशी ज्यांच्यात होत्या, त्यांच्या महाधमनीतली चरबीची गाठ जास्त मोठी झाली. कारण रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेलं कोलेस्टेरॉल उचलायला ज्या पांढऱ्या पेशी जातात, त्या टेट-२ बिघडल्यावर तापट होतात. उचलता उचलता आरडाओरडा करतात, इंटरल्युकिन-१ आणि त्यामागोमाग इंटरल्युकिन-६ अशी दाहाची रसायनं ओततात. चाळीच्या नळावर हंडा भरायला आलेल्यांपैकी चारातला एक भांडकुदळ असला की सगळ्या रांगेची सकाळ बिघडते, तसं.

यात एक बारकावा आहे. भांडायला नळ लागतो. आधी भिंतीत कोलेस्टेरॉल शिरलं पाहिजे, मग या तापट पेशी तिथे जाऊन उपद्रव करणार. पेशी बदलणं आज आपल्या हातात नाही. कोलेस्टेरॉल आहे. म्हणून मी त्या शेवटच्या वाक्यावर थांबलो.

‘रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली’ हे वाक्य मी आठवड्यातून चारपाच वेळा ऐकतो. परवाच एक काका प्लॅस्टिकच्या पिशवीतून स्टॅटिनची अर्धी राहिलेली स्ट्रिप काढून अभिमानानं दाखवत होते, ‘डॉक्टर, एवढ्या वाचवल्या.’ रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. छत्री उघडली म्हणून डोकं कोरडं राहिलं, तर डोकं कोरडं आहे म्हणून छत्री मिटायची नसते, निदान जुलैत तरी. बाबांचं वय ६८, बीपी आहे, शिवाय हा बदल. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली ठेवावं असं मी म्हणेन. बंद केलेली गोळी पुन्हा सुरू करण्याबद्दल त्यांच्या फिजिशियनशी याच आठवड्यात बोला. यकृताची जुनी तपासणी आणि स्नायू दुखण्याचा काही इतिहास असेल तर तो त्यांना सांगा. पूर्वी गोळीनं पाय दुखले असतील तर दुसरी गोळी किंवा कमी मात्रा चालते. त्रास झाला म्हणून पूर्ण सोडायची गरज सहसा पडत नाही.

आता त्या ‘दुप्पट’चं खरं वजन. दुप्पट हा शब्द ऐकला की माणसाला वाटतं, आता अटॅक ठरलेलाच. समजा बाबांच्या वयाच्या, त्यांच्यासारखंच बीपी असलेल्या शंभर पुरुषांपैकी पुढच्या दहा वर्षांत वीस जणांना हृदयाचा मोठा त्रास होणार असेल (हा आकडा समजावण्यापुरता घेतलाय), तर दुप्पट म्हणजे चाळीस. म्हणजे साठ जणांना तेव्हाही काही होत नाही. आणि ते दुप्पटही आता तितकं पक्कं राहिलेलं नाही. २०२२ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांचा डेटा तपासला गेला, त्यात हृदयविकाराशी असलेला हा संबंध बराच फिका दिसला. कारणं अनेक. डीएनए वाचताना होणाऱ्या चुका चिप म्हणून मोजल्या गेल्या होत्या का, वय आणि सिगारेट यांचा परिणाम पुरता वजा झाला का, यावर आमच्यात अजून वाद चालू आहेत. सिगारेट ओढणाऱ्यांत हे बदल, विशेषतः एएसएक्सएल१ मधला, जास्त सापडतात. मग हृदयाचं नुकसान सिगारेटनं केलं की बदलानं, हे वेगळं काढणं सोपं नाही.

माझं स्वतःचं मत? ‘चिप आहे की नाही’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठलं जनुक आणि किती टक्के, हे विचारायला हवं. डीएनएमटी३ए मधला बदल सर्वांत जास्त आढळतो आणि हृदयाच्या बाबतीत तुलनेनं सौम्य. टेट-२ त्याहून दाहक. दहा टक्क्यांच्या वरचे पसारे खालच्यांपेक्षा जास्त त्रासदायक. बाबांचं १२ टक्के या रेषेच्या थोडं वर आहे, म्हणून मी ते झटकून टाकणार नाही. बीपी, कोलेस्टेरॉल, साखर आणि तंबाखू यांच्या पंगतीत बसवण्याजोगा एक मध्यम धोका, इतपत मी त्याला मान देतो.

सगळ्यात वाईट जॅक-२. ते बाबांना नाही, तरीही सांगतो, कारण तो बदल पकडायला महागडी तपासणी लागत नाही, जुने कागद नीट वाचावे लागतात. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ कल्याणहून आले होते. वय ४९, अटॅक येऊन गेलेला, स्टेंट बसलेला. साखर नाही, सिगारेट नाही, कोलेस्टेरॉल माफक. सगळ्यांनी ‘टेन्शन’वर खापर फोडलं होतं. त्यांच्या बायकोनं दहा वर्षांचे सीबीसी तारखेनुसार पंच करून फाईलला लावले होते. मी फक्त प्लेटलेट्सची ओळ वाचत गेलो : ४.६ लाख, ४.९, ५.३, ५.८. प्रत्येक कागदावर लॅबनं तो आकडा ठळक छापलेला, आणि प्रत्येक कागदावर कुणीतरी सही करून पान उलटलेलं. जॅक-२ पॉझिटिव्ह आली. ती चिपच्या पुढची पायरी, प्रत्यक्ष रक्तविकार, आणि त्यावर औषधं आहेत. त्यांच्या प्लेटलेट्स आता साडेतीन लाखांवर आहेत. म्हणून माझी सवय झालीये, कमी वयात अटॅक आलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन साडेसोळाच्या वर किंवा प्लेटलेट्स साडेचार लाखांच्या वर सतत राहत असतील तर जॅक-२ बघायचीच.

अँजिओग्राफी. नको, निदान या रिपोर्टसाठी नको. अँजिओग्राफी लक्षणांसाठी असते. त्याऐवजी बाबांसोबत एक दिवस बाहेर पडा आणि त्यांना न सांगता बघा. स्टेशनचा पूल चढताना मधल्या लँडिंगवर थांबतात का? थांबून मोबाईल काढून बघण्याचं नाटक करतात का? आपल्याकडचे पुरुष छातीत दाटतं असं सांगत नाहीत, ‘गॅस झालाय’ म्हणतात आणि सोडा मागतात. चालताना येणारा आणि थांबल्यावर पाचेक मिनिटांत जाणारा ‘गॅस’ हा गॅस नसतो. असं काही दिसलं तर हृदयरोगतज्ज्ञाकडे लगेच जा आणि तिथे अँजिओग्राफीचा निर्णय होऊ द्या. काहीच लक्षण नसेल तर ईसीजी, टूडी इको आणि एचएस-सीआरपी (शरीरातला दाह मोजणारी रक्ततपासणी) पुरे. कोलेस्टेरॉलच्या गोळीला बाबांचा फारच विरोध असेल तर सीटी स्कॅननं कोरोनरी कॅल्शियम मोजून घ्या. माझ्या अनुभवात स्वतःच्या हृदयातले पांढरे ठिपके पडद्यावर पाहिलेला माणूस गोळीबद्दल पुन्हा वाद घालत नाही.

गाउटची गोळी म्हणजे कोल्चिसीन. सुचवणाऱ्यांचं अगदीच चुकलेलं नाही, त्यांनी काहीतरी वाचलंय. दाह कमी केला तर हृदय वाचेल का, हे २०१७ च्या कँटोस चाचणीत दहा हजारांहून अधिक रुग्णांवर तपासलं गेलं. इंटरल्युकिन-१ रोखणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दिल्यावर हृदयाच्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या, पण जीवघेणे संसर्ग वाढले. अमेरिकेत हृदयासाठी त्याला मंजुरी मिळाली नाही. पुढे त्याच रुग्णांत टेट-२ बदल असलेले निवडून पाहिले तर फायदा बराच मोठा दिसला. मात्र ते रुग्ण मूठभर होते आणि विश्लेषण मागाहून केलेलं. कोल्चिसीनचं तसंच. २०२० च्या एका चाचणीत जुना कोरोनरी आजार असलेल्या साडेपाच हजार रुग्णांत घटना ३१ टक्क्यांनी घटल्या, २०२३ मध्ये अमेरिकेत अर्ध्या मिलिग्रॅमच्या मात्रेला मंजुरी मिळाली, आणि २०२४ मध्ये ताज्या अटॅकनंतरच्या सात हजार रुग्णांत फायदा दिसलाच नाही. टेट-२ बदललेल्या उंदरांना कोल्चिसीननं फायदा झाला, हे खरं. पण बाबा उंदीर नाहीत आणि त्यांना कोरोनरी आजार असल्याचा अजून पुरावा नाही.

शिवाय त्यांच्या मोठ्या आतड्याचा तुकडा काढलेला आहे. कोल्चिसीनचा पहिला त्रास जुलाब. किडनी थोडी जरी मंदावलेली असेल तर ती गोळी शरीरात साचते. घसा दुखला म्हणून कुणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं तर जोडीनं जिवावर बेतू शकतं. ओळखीतल्यांना चहा पाजा आणि गोळी कपाटात ठेवा.

रक्ताच्या बाजूनं करायचं काम कंटाळवाणं आहे. तीन ते सहा महिन्यांत एकदा सीबीसी, मग सगळं स्थिर असेल तर वर्षातून एकदा. जनुकाची महाग तपासणी दर वर्षी करायची नाही. टक्केवारी बारावरून चौदा झाली तर आपण वेगळं काय करणार? सीबीसीत हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल किंवा प्लेटलेट्स घसरू लागल्या तर मात्र मगजाची तपासणी लागू शकते. लाल पेशींचा आकार सांगणारे एमसीव्ही आणि आरडीडब्ल्यू हे दोन आकडेही बघतो. एमसीव्ही १०० च्या वर किंवा आरडीडब्ल्यू १५ च्या वर असेल तर जरा सावध. पण मुंबईत हे आकडे वाढले की मी आधी बी-१२ बघतो. शाकाहारी घर, त्यात साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, म्हणजे बी-१२ खाली गेलेलंच. केमोतलं कॅपेसिटाबिनही एमसीव्ही वाढवतं. बी-१२ च्या दहा इंजेक्शनांनी ‘चिपची चिंता’ मिटलेली मी कितीदा पाहिलीये.

जाहिरातीतल्या पॅकेजबद्दलही सांगून टाकतो. ‘चाळिशीनंतर संपूर्ण जनुकीय हृदय-चाचणी’ अशा नावाखाली एक लॅब निरोगी लोकांची ही तपासणी करून देते. दोन-तीन टक्क्यांचा बदल निघालेला माणूस रात्री अकराला मला मेसेज करतो. दोन टक्के ही तर व्याख्येची उंबरठ्यावरची रेषा. लक्षण नसलेल्या, कॅन्सरचा इतिहास नसलेल्या माणसानं हे शोधत जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. बाबांचं सापडलं ते दुसरं काही शोधताना, तिथे कुणाचा इलाज नव्हता.

राहिलं तुमचं आणि भावाचं. हा बदल बाबांच्या मगजातल्या एका पेशीत, त्यांच्या आयुष्यात घडला. त्यांच्या आईवडिलांकडून आला असता तर रिपोर्टमध्ये १२ ऐवजी ५० टक्क्यांच्या आसपास दिसला असता. तुम्हाला तो मिळालेला नाही आणि तुमची जनुकीय तपासणी करायची गरज नाही. बाबांकडून तुम्हाला मिळू शकतं ते वेगळंच : वाढलेलं एलडीएल आणि लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण). दुसरं जन्मभर जवळपास तेवढंच राहतं, त्यामुळे आयुष्यात एकदा केलं की झालं. बाबांचं लिपिड प्रोफाइल काढायला घरी रक्त घेणारा मुलगा येईल, तेव्हा त्याला तीन नळ्या आणायला सांगा.